मशिदीत गेल्यावर नेमकं बघायचं काय? (इस्तंबूल, सुलेमानिये)

हिरवा_पेरू

नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारूनच टाकतो. मागे ऑफिसच्या कामाने इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा सुलतान अहमद मशीद म्हणजे ती ब्लू मॉस्क बघितली. बघितली म्हणजे काय तर रांगेत उभा राहिलो, बूट पिशवीत घातले, मान वर केली, पाचपंचवीस फोटो काढले आणि दहा मिनिटांत बाहेर. घरी आल्यावर बायकोने विचारलं कशी होती, तर मला "मोठी होती" एवढंच सांगता आलं. आया सोफ्याचंही (म्हणजे ते मूळचं जुनं चर्च, पुढे मशीद झालेलं) तेच. आता ते फोटो बघताना कुठला घुमट कुठल्या इमारतीचा हेही ओळखू येत नाही, सगळे सारखेच दिसतात.

ऑक्टोबरात परत जातोय, यावेळी आई बरोबर आहे. आई ७२ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण बघायची हौस माझ्यापेक्षा जास्त. आमच्याकडे एक अख्खी सकाळ मोकळी आहे आणि ती मला एकाच मशिदीला द्यायचीय, सुलेमानिये ठरवलीय. उंची किती, घुमट केवढा, कुठल्या साली बांधली हे सगळं वाचून झालंय पण ते वाचून डोळ्यांना काही दिसायला लागत नाही हो. तर जाणकारांनी सांगा, तिथे उभं राहून बघायचं काय, कुठून सुरुवात करायची, किती वाजता जायचं, आणि नुसतं बसून राहिलं तर कुणी उठवतं का. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कृपया नकोत, त्या भरपूर आहेत माझ्याकडे.

लंबक

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, उलट दहा मिनिटांत बाहेर पडल्याचं कबूल करणारे तुम्ही पहिलेच. माझं शिक्षण सिव्हिलचं, त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकणार, आधीच सांगतो.

आत जायची घाई करू नका. आपण घुमट बघायला गेलो म्हणून तडक घुमटाखाली जातो आणि मान वर करतो, आणि घोळ तिथेच होतो, कारण बरोबर खाली उभं राहिलं की घुमट ताटासारखा सपाट दिसतो. तो तोललाय कसा ते बाहेरून कळतं.

गुळगुळीत फरशीवर मोजे घालून पाय फाकवून उभे राहा. पाय आपोआप बाहेर सरकायला लागतात की नाही? घुमटाचं अगदी तसंच आहे, तो नुसता खाली दाबत नाही, बुडाशी चहूबाजूंनी बाहेरही ढकलतो. आणि जेवढा चपटा तेवढा जास्त ढकलतो. आया सोफ्याचा पहिला घुमट ५३७ साली पुरा झाला आणि ५५८ मध्ये कोसळला, भूकंपांनी आधीच खिळखिळा झाला होता. मग नवा बांधला तो मुद्दाम जास्त उंच आणि फुगीर. म्हणजे या सगळ्या इमारतींपुढचा खरा प्रश्न एकच, हे बाहेर ढकलणं थोपवायचं कोणी आणि कसं.

आता सुलेमानियेकडे या. १५५० मध्ये काम सुरू, १५५७ ला पूर्ण, बांधवणारा सुलतान सुलेमान, वास्तुविशारद मिमार सिनान. हा गडी मुळात लष्करातला इंजिनियर, मोहिमांवर पूल बिल बांधणारा, १५३९ च्या सुमाराला सुलतानाचा मुख्य वास्तुविशारद झाला आणि १५८८ मध्ये वारला तोवर त्याच पदावर होता. मधला मुख्य घुमट चार अवाढव्य खांबांवर बसलाय. प्रवेशाच्या बाजूला एक अर्धघुमट आणि समोर मक्केच्या दिशेच्या भिंतीकडे एक, हे दोघे पुढून मागून टेकू देतात. पण डावीउजवीकडे अर्धघुमट नाहीत! तिथे नुसती प्रचंड कमान आणि कमानीच्या पोटात खिडक्यांनी भरलेली भिंत. मग त्या दोन बाजूंना कोण थोपवतंय? हा प्रश्न डोक्यात ठेवून मशिदीला बाहेरून एक चक्कर मारा.

दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे वर, मोठ्या घुमटाच्या चार कोपऱ्यांना चार जाडजूड बुरूज आहेत, डोक्यावर छोट्या टोप्या घातल्यासारखे. लोकांना ती शोभा वाटते. ते खांबांच्या डोक्यावर ठेवलेलं वजन आहे. वारा सुटल्यावर कागदावर आपण पेपरवेट ठेवतो ना, तसं. वरून दाबलं की तिरकं येणारं ढकलणं जास्त उभं होऊन खांबात उतरतं. दुसरी गोष्ट बाजूच्या भिंतीत. तिथे दुमजली सज्जे आहेत, खाली ओळीने नळ, लोक स्टुलावर बसून नमाजाआधी हातपाय धुत असतात. ते बघायला इतकं घरगुती वाटतं की त्या सज्ज्यांच्या आजूबाजूला ज्या जाड भिंती पुढे आल्यात त्यांच्याकडे लक्षच जात नाही. तेच धिरे, म्हणजे ढकलणं थोपवणारे भिंतीचे टेकू! अर्धे बाहेर काढलेत आणि अर्धे आत, आणि दोन्हीकडे मधल्या जागेत सज्जे बसवून टाकलेत. आया सोफ्याचे धिरे बाहेरून नुसते थापल्यासारखे दिसतात, त्यातले बरेच नंतर जोडलेत. इथे सगळी ताकद लावून वर ती लपवलीय. मला विचाराल तर सिनान इथे कळतो, टाइल्समध्ये नाही.

हे झाल्यावर आत जा. मोठ्या दालनाच्या आणि बाजूच्या पट्ट्यांच्या मध्ये प्रत्येक बाजूला फक्त दोनच मोठे दगडी स्तंभ आहेत, म्हणजे एकूण चार, अखंड दगडाचे. एक बालबेकहून आणलेला, एक अलेक्झांड्रियाहून, दोन शहरातलेच. आया सोफ्यात तुम्ही बाजूच्या पट्टीत गेलात की वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आल्यासारखं वाटतं, इथे भिंतीशी जाऊन उभे राहिलात तरी घुमटाखालीच असता. ते चालून बघा, फोटोत येत नाही.

आकडे तुम्ही वाचलेतच म्हणता तर एकच सांगतो, घुमटाची रुंदी २६.५ मीटरच्या आसपास आणि जमिनीपासून उंची ५३, म्हणजे बरोबर दुप्पट. आया सोफ्याचा घुमट याहून मोठा, ३१ मीटरच्या आसपास. त्यामुळे इथे आल्यावर "अरे हा तर लहान आहे" म्हणून हिरमुसू नका.

आडवी_गल्ली

लंबक यांनी इंजिनियरिंगचा वर्ग घेतलाच आहे (छान घेतलाय!), मी आईंच्या बाजूने लिहिते.

सकाळीच जा, उघडल्या उघडल्या. गर्दी कमी हे तर झालंच पण खरं कारण वेगळं आहे. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला, म्हणजे मेहराबवाली (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) भिंत साधारण उगवतीच्या अंगाला तोंड करून आहे आणि रंगीत काचा याच भिंतीत आहेत. सकाळच्या उन्हात त्या पेटतात. दुपारी गेलात तर काचा आहेत हे दिसतं, एवढंच. या काचा एका इब्राहिम नावाच्या कारागिराच्या म्हणून सांगतात, त्याचं टोपणनाव सरहोश, म्हणजे दारुड्या :) मशिदीतल्या सगळ्यात देखण्या खिडक्यांना हे नाव चिकटलंय याची मला फार गंमत वाटते.

शुक्रवार टाळा. जुम्म्याचा मोठा नमाज होईपर्यंत पर्यटकांना आत घेत नाहीत, दुपारचे अडीच वाजतात. बाकी दिवशीही पाच नमाजांच्या वेळी थांबावं लागतं, त्या दिवसाच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा, त्या रोज एकदोन मिनिटांनी सरकतात. तिकीट नाही. (आया सोफ्यात २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या गॅलरीचे २५ युरो पडतात, तिथे आईंना नेणार असाल तर तो चढ आधी लक्षात घ्या.) आईंनी ओढणी किंवा स्टोल घ्यावा, नसला तर दारात देतात. साडी चालते, पदर डोक्यावर घेतला की झालं. तुम्ही मात्र गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून जाऊ नका. बुटांसाठी स्वतःची कापडी पिशवी न्या आणि पायमोजे धड असू द्या, माझ्या नवऱ्याचा अंगठा बाहेर आला होता आणि तो सबंध वेळ एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभा, घुमट कसला बघतोय.

बसण्याबद्दल. बसा की खुशाल, गालिचा आहे मऊ, तिथली माणसंही बसलेली असतात, पोरं लोळत असतात. नमाज पढणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका आणि पाहुण्यांसाठी कठडा घातलाय त्याच्या अलीकडे राहा, बाकी कुणी काही म्हणत नाही. आम्ही पहिल्यांदा एका गाइडबरोबर गेलो होतो, त्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटांत सगळं उरकलं आणि मग दीड तास गालिच्यांच्या दुकानात बसवलं, तेव्हापासून मी आपली आपण जाते.

बसलात की एक बघा, दिवे. लोखंडी कड्यांना लावलेले काचेचे पेले, आणि ती कडी इतकी खाली टांगलीत की उंच माणसाने हात वर केला तर लागतील असं वाटतं. पहिल्यांदा त्यांच्या तारांचा रागच येतो, प्रत्येक फोटोत मध्ये मध्ये. पण आधी ते तेलाचे दिवे होते, रोज भरायचे, पेटवायचे, आणि ५३ मीटर उंचीवरच्या दिव्याचा खाली वाचणाऱ्याला काय उपयोग? संध्याकाळी ते लागले की डोक्याच्या थोडं वर उजेडाचं एक दुसरंच छत तयार होतं, खाली माणसांच्या मापाची खोली आणि तिच्या वर सगळा तो अंधारलेला डोंगर. जमलं तर संध्याकाळीही एकदा डोकावून या.

आणि लंबक, टाइल्सना नावं ठेवू नका हं!! सुलेमानियेत त्या मोजक्याच आहेत, फक्त मेहराबच्या भिंतीवर, पण एमिनोन्यूच्या बाजारात रुस्तेम पाशा मशीद आहे, तीही सिनानचीच, १५६० च्या दशकातली, तिथे भिंती खांब सगळं टाइल्सनी मढवलंय. इझ्निक या टाइल्सच्या गावचा तो लाल रंग तिथे बघा, टोमॅटोसारखा. तो सपाट नसतो, जाड लेप असतो, बाजूने तिरकं बघितलं की पाकळ्या चक्क वर आलेल्या दिसतात. असा लाल थोडीच दशकं जमला, पुढे तो तपकिरी पडत गेला. ट्युलिप, कार्नेशन, डाळिंबं, आणि मधूनच एखादी टाइल भलतीच बसवलेली, दुरुस्तीत नक्षी जुळवायचा कंटाळा केलेला. मी त्या चुकीच्या टाइल्स शोधत बसते. मशीद दुकानांच्या वर आहे, त्या दुकानांच्या भाड्यावरच तिचा खर्च चालायचा, त्यामुळे गल्लीतून अरुंद जिना चढावा लागतो. आईंच्या गुडघ्यांचं बघा.

टेकडीवरचा_तुका

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम पण मी एकच म्हणेन, एदिर्ने. सिनान स्वतः म्हणे शेहझादे मशिदीला शिकाऊ काम म्हणायचा, सुलेमानियेला कारागिराचं आणि एदिर्नेच्या सेलिमियेला उस्तादाचं. मग उस्ताद सोडून कारागिराकडे कशाला जायचं? १५७५ ला पुरी झाली तेव्हा हा माणूस ऐंशीच्या घरात होता. चारच्या जागी आठ खांब आणि ते सगळे भिंतींकडे सरकवलेले, घुमट ३१ मीटरच्या वर, मधे काही म्हणजे काही नाही. २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मिनारांतल्या दोन मिनारांत तीन तीन वेगळे जिने आहेत, तीन माणसं एकाच वेळी चढली तर एकमेकांना दिसणार नाहीत. बसने अडीच तीन तास.

आडवी_गल्ली

@तुका, ७२ वर्षांच्या आईंना एका सकाळीत एदिर्ने? शिवाय तिथे मोठं दुरुस्तीचं काम निघालं होतं, आम्ही गेलो तेव्हा आत परांची बांधलेल्या होत्या, घुमट औषधालाही दिसला नाही. जायच्या आधी चौकशी करून जावं.

टेकडीवरचा_तुका

बरं बरं, मागे घेतो. पण परांची निघाल्या की जाच.

हिरवा_पेरू

अरे वा, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती, धन्यवाद सगळ्यांना. दोन उपप्रश्न. १) सुलेमानियेत दिव्यांची काजळी गोळा करून शाई करायचे आणि शहामृगाची अंडी टांगली म्हणून कोळी येत नाहीत असं एका व्हिडिओत ऐकलं, हे खरं की आपलं व्हॉट्सॅप? २) लंबक, अर्धघुमट पुढेमागे दोनच हे आया सोफ्यावरूनच घेतलंय ना, मग सिनानने कॉपी मारली असं नाही का होत?

लंबक

१) काजळीचं सांगतात ते असं की हजारो दिव्यांचा धूर हवेच्या ओढीने मुख्य दाराच्या वरच्या एका कोठडीकडे जायचा, तिथे काजळी धरायची आणि तिची शाई करायचे. दारावर ती कोठडी आहे. अंड्यांची समजूत बऱ्याच उस्मानी (ऑटोमन) मशिदींत आहे, कोळ्यांना ती मान्य आहे का ते कोळ्यांना विचारा. आवाजासाठी घुमटात मातीचे घडे तोंड खाली करून बसवलेत ही मात्र पक्की गोष्ट. आणि ती हवी तर स्वतः तपासून बघा, अजान झाल्यावर किंवा कुणी आत पठण करत असेल तेव्हा डोळे मिटून ऐका.

२) कॉपीच्या प्रश्नाला थोडा वेळ देतो. उस्मानींनी १४५३ मध्ये शहर घेतलं तेव्हा ती नऊशे वर्षं जुनी इमारत समोर उभी होती, तिच्याकडे न बघणं शक्यच नव्हतं. सिनानची गंमत अशी की सुलेमानियेच्या आधीच, १५४८ मध्ये, त्याने शेहझादे पुरी केली होती आणि तिथे त्याने चारही बाजूंना अर्धघुमट दिलेत, म्हणजे बांधकामाच्या दृष्टीने जास्त सोपं, जास्त सममित उत्तर त्याच्या खिशात होतं. तरी सुलतानाच्या मशिदीत तो मुद्दाम मागे वळून दोन अर्धघुमटांवर आला. माझ्या मते हे आव्हान घेणं आहे, तुमचाच नकाशा घेतो आणि तुमच्याकडे जे अंधारं आणि तुटक राहिलं ते मी उजेडाचं आणि सलग करून दाखवतो. दोन्ही इमारती एका दिवसाच्या अंतराने बघितल्यात तर हे वाद न घालता कळेल.

घुमटाच्या आतल्या रंगकामावर मात्र फार भाळू नका. आग, १७६६ चा भूकंप, दुरुस्त्या यात मूळचं बरंचसं गेलं, आता दिसते ती नक्षी पुष्कळशी १९ व्या शतकातली आहे, थोडी युरोपियन धाटणीची. दगड बघा.

आणि निघताना मागच्या कबरस्तानात सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी बघालच, सगळे बघतात. सिनानची कबर आवाराच्या बाहेर आहे, उत्तरेच्या कोपऱ्यावर, दोन रस्ते फुटतात त्या बेचक्यात, लहानशी. लोक सेल्फी काढत तिच्यावरून निघून जातात.

आडवी_गल्ली

एक राहिलंच. एमिनोन्यूकडून चढू नका, दमछाक होते. ट्रामने बेयाझितला उतरा, तिकडून चढ कमी, नाहीतर सरळ टॅक्सी. आणि मशिदीसमोरच्या जुन्या मदरशाच्या ओळीत कुरु फासुलिये म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ मिळते, भाताबरोबर. शाकाहारी असाल तर "एतसिझ" म्हणजे बिनमांसाची आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा मांस असतं. आईंना काम द्या एक, मिनारांचे सज्जे मोजायला सांगा.

हिरवा_पेरू

परत आलो मंडळी. वृत्तांत देणं भाग आहे.

सकाळी उघडल्या उघडल्या जायचं ठरलेलं, पण आईचा गुडघा त्याच दिवशी धरला, शेक देता देता साडेदहा वाजले, टॅक्सीवाल्याने गल्ली अरुंद म्हणून अलीकडेच उतरवलं आणि हळूहळू चालत पोचेपर्यंत दुपारच्या नमाजासाठी पाहुण्यांना थांबवलेलं. म्हणजे रंगीत काचांचं ऊन हुकलं, आडवी_गल्ली सॉरी. मी चिडलो होतो खरं सांगायचं तर. पण पाऊण तास बाहेरच काढायचा होता म्हणून लंबक यांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडला आणि चक्कर मारली, आई सावलीत बसली. टोप्या घातलेले बुरूज सापडले. एकदा दिसले की दुसरं काही दिसेचना, पेपरवेटच दिसायला लागले सगळीकडे, नंतर सुलतान अहमदच्या बाहेरूनही तेच शोधत होतो. आईने सज्जे मोजले, आधी आठ आले, मग परत मोजून दहा, आणि मग "दहाच का?" हा प्रश्न मलाच. आधी वाचलेलं होतं म्हणून वाचलो, सुलेमान हा दहावा उस्मानी सुलतान, आणि मिनार चार कारण इस्तंबूल घेतल्यानंतरचा चौथा. आईचं म्हणणं, "मग अकराव्याने काय करायचं?"

आत तासभर बसलो. कुणी उठवलं नाही. आईला मागच्या भिंतीशी खुर्ची मिळाली. मी बाजूच्या पट्टीत जाऊन उभा राहिलो, खरंच घुमटाखालीच असल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी आया सोफ्यात तेच केलं तेव्हा फरक कळला, तिथे मी बाहेरच्या खोलीत होतो. कॉपीवाला आरोप मागे. दिव्यांबद्दल आई म्हणाली देवळातल्या समयांची उंची अशीच असते, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना.

सिनानची कबर शोधली. आम्ही दोघं आणि एक मांजर, तिसरं कुणी नाही.

यावेळी सबंध सकाळीत चारच फोटो काढलेत, खाली टाकतोय. लंबक, तिसऱ्या फोटोत नळांच्या ओळीच्या डाव्या हाताला जी जाड भिंत पुढे आलीय, तोच धिरा ना? की मी भलत्याच भिंतीला धिरा समजून बसलोय?

लंबक

तोच. आणि तुमच्या आई त्यालाच पाठ टेकून बसल्यात.